दुसऱ्याचे काम पुरे करताना

दुसऱ्याने आरंभलेले काम पुरे करण्याचा प्रसंग ज्याच्यावर येतो, त्याने त्या कामात आपला हात किती घालावा? प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु ज्यांचे आयुष्य दुसऱ्याच्या मसुद्यावर दुरुस्त्या करण्यात आणि दुसऱ्याच्या सहीसाठी मसुदे लिहिण्यात जाते, त्या आम्हां कारकून मंडळींना तो तितका लहान वाटत नाही. सत्य, दान, क्षमा यांविषयी आम्ही पुष्कळ वाचले. अर्धवट काम हाती घेणाऱ्याच्या कर्तव्याविषयी मात्र फारसे काही आमच्या वाचनात आले नाही. म्हणून या प्रश्नाचा विचार आम्ही एका अगदी लौकिक धंद्याच्या आधाराने करणार आहोत. तो धंदा अमेरिकेतील आहे. परंतु गोधडी अंगावर घेऊन वाढलेल्या माणसाला तो समजण्यास अडचण पडू नये.

तिकडे जिला क्विल्ट म्हणतात, ती आपल्या गोधडीचीच दूरची बहीण होय. तिचे तीन थर असतात. वर रंगीबेरंगी तुकडे जोडून केलेला पदर, मध्ये कापसाचा किंवा तशाच मऊ द्रव्याचा थर, आणि खाली अस्तर. या तिन्ही थरांतून आरपार दोरे घालून ते एकजीव केले म्हणजेच तिला क्विल्ट हे नाव प्राप्त होते. तुकडे कापणे, त्यांची रंगसंगती लावणे आणि ते जोडणे हे काम घरच्या शिवणयंत्रावर होते. अडचण येते ती त्यानंतर. मोठ्या पलंगावरची क्विल्ट ९० इंच रुंद आणि १०० इंच लांब असू शकते, आणि साध्या घरगुती यंत्रात सुईपासून खांबापर्यंतची जागा असते जेमतेम सात-आठ इंचांची. तेवढ्या खिंडीतून तीन थरांचा तो भारा गुंडाळून सरकवीत नेणे पुष्कळांना झेपत नाही.

यासाठी जे यंत्र निघाले त्याला लाँगआर्म म्हणतात, म्हणजे लांब हाताचे यंत्र. त्याचा हात दीड ते अडीच फूट लांब असतो. दहा-बारा फुटी चौकटीवरच्या दांड्यांवर तिन्ही थर गुंडाळून ताणलेले असतात. घरच्या यंत्रात सुई जागच्या जागी राहते आणि कापड सरकते. येथे कापड स्थिर असते आणि यंत्रच त्याच्यावरून हिंडते. अनेक स्त्रियांनी असे यंत्र घरातल्या एखाद्या खोलीत बसवून त्यावर धंदा थाटला आहे. गिऱ्हाईक आपला जोडलेला पदर घेऊन येते आणि ही त्यात दोरे घालून देते. पूर्वी चर्चच्या निमित्ताने जमणाऱ्या स्त्रिया असे काम हाताने करून देत, तेव्हा मजुरी खर्ची पडलेल्या दोऱ्यावर ठरे. आता ती बहुधा चौरस इंचावर ठरते. ६० इंच रुंद आणि ८० इंच लांब क्विल्ट म्हणजे ४,८०० चौरस इंचांचे काम.

आपल्याकडेही गोधडी शिवून देणाऱ्या बाया आहेत. तथापि दोन्हींत एक महत्त्वाचा फरक आहे. आपण गोधडीवालीला जुनी लुगडी आणि धोतरे नेऊन देतो. कोणता काठ कोठे येईल आणि कोणते ठिगळ कोणाशेजारी बसेल, हे तीच ठरविते. लुगडे आईचे असले तरी मांडणी त्या बाईची असते. लाँगआर्मवालीच्या हाती मात्र नुसते कापड येत नाही. कोणाचे तरी मन वळणे घेत जेथवर पोहोचले तेथवरचे काम येते. एखादा पदर जोडण्यात गिऱ्हाइकाची दोन-दोन वर्षे गेलेली असतात. त्या पदरावर हिचे यंत्र फिरणार असते ते दोन दिवस, आणि त्या दोन दिवसांत घातलेला टाका त्या दोन वर्षांना शोभाही आणू शकतो आणि झाकूनही टाकू शकतो.

आता या कामात दोष कसे निघतात ते पाहू. सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे लहरणारा काठ. मधला भाग ८० इंच असताना त्याला न मोजता ८२ इंचांची पट्टी जोडली, तर ते वरचे दोन इंच कोठे जाणार? ते लाटांसारखे उभे राहतात. लाँगआर्मवाली वाफ देऊन, मधला थर थोडा जाड घेऊन, टाके दाट घालून त्या लाटा पुष्कळशा जिरवू शकते. त्या जिरण्यासारख्या नसतील तर कापडाला चुणी घालावी लागते, किंवा पट्टी उसवून पुन्हा लावावी लागते. दुसऱ्या प्रकारचे दोष असे की, एका चौकटीचे टोक शेजारच्या टोकाशी जुळत नाही, किंवा हिरव्याशेजारी असा जांभळा येतो की जाणत्या डोळ्याला तो खुपावा. पहिला दोष तसाच ठेवला तर क्विल्ट सपाट बसणार नाही. दुसरा ठेवल्याने थंडी अडायची राहत नाही.

आमच्या मते या दोन प्रकारांमध्येच सीमारेषा आहे. ज्या दोषामुळे वस्तूला आपले काम करता येणार नाही तो दूर करणे, हे पुरे करणाऱ्याचे कर्तव्य आहे. पण तेही विचारून. जो दोष केवळ आपल्या अभिरुचीला बोचतो त्याला हात लावण्याचा अधिकार पुरे करणाऱ्याला नाही. हे वाचताना सोपे वाटते. आचरणात ते अवघड जाते, कारण कसबी माणसाला आपली अभिरुची ही अभिरुची वाटतच नाही. तिला तो नियम समजतो.

शिवाय दुरुस्ती न करताही अतिक्रमण करता येते. लाँगआर्मवर दोन तऱ्हांचे काम चालते. एकात या काठापासून त्या काठापर्यंत एकच वेलबुट्टी सलग फिरविली जाते; खाली कोणती चौकट आहे हे पाहिले जात नाही. दुसऱ्यात प्रत्येक चौकटीचा स्वतंत्र विचार करून तिच्याजोगी नक्षी घालतात, आणि त्याची मजुरीही अधिक असते. वरवर पाहता पहिली तऱ्हा बेपर्वा आणि दुसरी आस्थेची वाटेल. परंतु मोह दुसऱ्या तऱ्हेतच अधिक असतो. गिऱ्हाइकाचे साधे चौकोन मोरपिसांच्या दाट नक्षीखाली बुडवून टाकावे आणि पाहणाऱ्याने तुकड्यांऐवजी टाक्यांचीच वाहवा करावी, हे कसबी हाताला सहज साधते. दोऱ्याचा रंगसुद्धा येथे नीतीचा प्रश्न होऊन बसतो. कापडाच्या रंगाचा दोरा पोत तेवढा देतो. विरुद्ध रंगाचा दोरा प्रत्येक टाक्याला बोलका करतो. बोलका दोरा वाईट नव्हे. पण तो कोणाच्या इच्छेने बोलतो आहे, हे त्या स्त्रीने स्वतःला विचारले पाहिजे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, गिऱ्हाईक पैसे मोजते, सांगेल ते करावे, यात नीतीचे काय? हा आक्षेप टिकत नाही, कारण गिऱ्हाईक सर्व काही सांगतच नाही. पुष्कळदा ते ‘तुम्हांला शोभेल तसे करा’ एवढेच म्हणते. आणि कर्तव्याचा प्रश्न उभा राहतो तो नेमका आज्ञा संपते तेथे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जाणत्याने दोष दिसत असताना गप्प बसावे, तर मग जाणतेपणाचा उपयोग काय? याला आमचे उत्तर असे की, गप्प बसावे असे आम्ही म्हणतच नाही. दाखवून द्यावे, कारण सांगावे, पुढच्या वेळी काठाची पट्टी मधल्या भागाच्या मापाने कशी कापावी हे शिकवावे. ज्ञान माणसाला द्यावे; ते त्याच्या नकळत त्याच्या कामात घुसवू नये.

परंतु ज्याला विचारायचे तोच उरला नसेल तर? समजा, आईच्या मृत्यूनंतर तिच्या पेटीत मुलीला एक जोडलेला पदर सापडला आणि तो घेऊन ती लाँगआर्मवालीकडे आली. बारा चौकटींपैकी एक उलटी लागली आहे. ती नजरचूक होती की आईच्या मनात काही होते, हे आता कोण सांगणार? उसवून सुलटी करणे अर्ध्या तासाचे काम आहे. आम्हांला वाटते, येथे हात सर्वांत जास्त आवरला पाहिजे. जिवंत माणूस आपल्या चुकीचा बचाव करू शकतो, किंवा ती कबूल करून हसू शकतो. मृताच्या बाजूने बोलणारी त्याची वस्तूच तेवढी असते. अशा अर्धवट राहिलेल्या हस्तकामांसाठी ‘लूज एंड्स’ नावाचा एक उपक्रम २०२२ साली अमेरिकेत दोन मैत्रिणींनी सुरू केला. मृत्यूने किंवा आजाराने अडलेले विणकाम, भरतकाम, क्विल्टचे काम स्वयंसेवक पुरे करून त्या त्या कुटुंबाला परत देतात. परक्याच्या आईचे टाके जेथे थांबले तेथून पुढे सुई चालविणाऱ्या माणसांना आमचा हा प्रश्न निश्चितच ओळखीचा असेल.

आपल्या परंपरेलाही तो अनोळखी नाही. बाणभट्ट ‘कादंबरी’ अपुरी टाकून गेला. ती त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने, पुरी केली. ग्रंथ अपुरा राहिल्याचे सज्जनांना दुःख झाले म्हणून आपण हे काम हाती घेतले, कवित्वाच्या अभिमानाने नव्हे, असे त्याने आपल्या भागाच्या आरंभीच सांगितले आहे. शतके लोटली, तरी पूर्वभाग आणि उत्तरभाग हे नाव घेऊनच तो ग्रंथ वाचला जातो. बापाचे शब्द कोठे थांबले आणि मुलाचे कोठे सुरू झाले, हा सांधा कोणी लपविला नाही. ज्या ग्रंथावरून मराठीत एका वाङ्मयप्रकाराला नाव मिळाले, तो दोन हातांचा आहे आणि तसे उघडपणे सांगतो. पुरे करणाऱ्याने आपला हात आवरावा, पण तो लपवू नये, असा दुहेरी धडा आम्ही त्यातून घेतो.

न लपविण्याची गोष्ट क्विल्टच्या जगातही वादावाचून रुजली नाही. केंटकी राज्यातील पडूका या गावी अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीचे मोठे प्रदर्शन भरते. तेथे १९८९ साली कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणाच्या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. यंत्राने दोरे घातलेल्या क्विल्टला तेथे हा मान प्रथमच मिळत होता, आणि यंत्राचे काम हे हस्तकौशल्य म्हणावे का, यावर बरीच खळबळ उडाली. तो वाद हात आणि यंत्र यांचा होता. त्याच्या पोटात दडलेला दुसरा वाद एका हाताचा आणि दोन हातांचा. आता अनेक मोठ्या प्रदर्शनांत दोघांनी मिळून केलेल्या क्विल्टसाठी वेगळा वर्ग असतो. घरगुती क्विल्टच्या पाठीवरही पुष्कळजणी कापडाची चिठ्ठी शिवतात, आणि तीवर जोडणारीचे नाव, दोरे घालणारीचे नाव आणि वर्ष लिहितात. पाठीवरच्या त्या चिठ्ठीने समोरच्या शोभेत काही उणे होत नाही, आणि पुढच्या पिढीला खरे ते कळते.

इतका उपदेश केल्यावर आमची स्वतःची गोष्ट न सांगणे बरे दिसणार नाही. काही वर्षांपूर्वी एका दिवंगत शिपायाची पत्नी, मुलाला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळावी म्हणून अर्ज घेऊन आमच्याकडे आली. अर्ज हिंदीत होता, तिच्याच हाताने लिहिलेला, चार पानांचा. त्यात मृत्यूची तारीख राहिली होती; कुटुंबातील माणसे आणि उत्पन्न यांचा तपशील विखुरलेला होता. आम्ही त्या चार पानांचे एक पान केले. ते करणे आवश्यकच होते; तसा अर्ज पुढे गेला असता तर त्रुटींच्या शेऱ्यासह परत आला असता. परंतु त्या चार पानांत एक वाक्य असे होते की, तिच्या पतीने २६ वर्षांत कचेरीच्या किल्ल्या एकदाही घरी विसरल्या नाहीत. हे वाक्यही आम्ही गाळले. नवा अर्ज वाचून दाखविला तेव्हा तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि हळूच विचारले, ‘‘आणि ते किल्ल्यांचे, भाईसाहेब?’’ त्याची गरज नाही, असे आम्ही सांगितले. तिने मान हलविली आणि सही केली.

मुलाला पुढे नोकरी मिळाली. म्हणून आमची चूक चूक राहत नाही, असे मात्र नाही. तारीख घालणे म्हणजे लहरणारा काठ सपाट करणे होते; किल्ल्यांचे वाक्य काढणे म्हणजे उलट्या चौकटीला हात घालणे होते. त्या वाक्याने अर्ज अडला नसता, आणि त्या एका पानावर एका ओळीपुरती जागाही होती. ते आम्हांला अनावश्यक वाटले, एवढ्यावर आम्ही तिच्या पतीची २६ वर्षे तिच्या अर्जातून काढून टाकली, आणि तिने ती आमच्या शहाणपणावर विश्वासून काढू दिली.

आता असा कागद हाती आला म्हणजे लेखणी लावण्यापूर्वी आम्ही विचारतो, यातले काय राहू द्यायचे? उत्तर द्यायला माणसांना थोडा वेळ लागतो. बाहेर रांग असते, टेबलावर फायली असतात. तरी तेवढा वेळ आम्ही थांबतो.