मालकिणीची पिशवी

पिशवीवर काय लिहायचं, असं कुणीही म्हणेल. विहीर, बैल, दुष्काळ, भाऊबंदकी हे आमचे लिहायचे विषय. पण साठी ओलांडल्यावर मला असं वाटायला लागलंय, की माणूस घरातून निघताना बरोबर काय घेतो आणि ते कसं ठेवतो, यावरून तो बराच कळतो. शेत कुणाचं ते तलाठ्याला माहीत असतं. पिशवीतलं ज्याचं त्याला माहीत.

आमच्याकडं माण तालुक्यात नवऱ्याला मालक म्हणतात आणि बायकोला मालकीण. मालक कशाचा, ते सातबारा सांगतो. मालकीण कशाची, ते कुठं लिहिलेलं नसतं. म्हणून एक प्रश्न मी बरेच दिवस मनात घोळवतोय. आमची मालकीण स्वेटर विणते. तिला लोकर, सुया आणि रोजच्या चार वस्तू घेऊन हिंडायला एक पिशवी पाहिजे. ती कशी असावी? प्रश्न दिसायला बारका आहे. पण त्याचं एक टोक धरून ओढलं तर गुंड्यासारखा उलगडतच जातो.

आधी जुनं सांगतो. माझ्या लहानपणी बाप्यांच्या खांद्यावर पडशी असायची. दोन्हीकडं पोट, एक पुढं एक मागं, म्हणजे भार सारखा पडतो. म्हाताऱ्या माणसांच्या कमरेला चंची. तीत पान, सुपारी, चुना, तंबाखू, ज्याला त्याला वेगळा कप्पा. चुना तंबाखूत सांडलेला कुणी खपवून घेत नसे. आजीकडंही चंची होती, पण ती तिच्या कमरेला आली सासू झाल्यावर. तोवर बाईजातीला पदराची गाठ आणि ओटी. त्यात मावेना ते गाठोड्यात. आणि गाठोड्याला कप्पा नसतो. भाकरी, पोराचं दुपटं, विळा, औषधाची पुडी सगळं एकमेकात.

१९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायच्या कामावर जायची. मी तेव्हा चौदा वर्षांचा, तिच्याबरोबर पाटी उचलायला. तिच्या गाठोड्यात भाकरीच्या खाली वाकळेचे तुकडे असत. दुपारच्या सुट्टीत लिंबाच्या सावलीला बाकीच्या बाया आडव्या व्हायच्या, ही सुईदोरा काढायची. मुकादम एकदा म्हणाला, "काकू, हात दुखत न्हाईत व्हय?" आई म्हणाली, "आरं, हे काम न्हवं. हा इसावा हाय." त्या वाकळा आम्ही भावंडांनी वीस-वीस वर्षं पांघरल्या. पण आईचं काम काय, असं कुणी विचारलं तर आम्ही खडी सांगायचो, वाकळ नाही. वाकळेचे पैसे मिळत नव्हते, आणि ती गाठोड्याच्या तळाला असायची.

आमच्या भागात धनगरांचे वाडे असतात. मेंढरामागं चालता चालता लोकर कातणारी माणसं मी लहानपणापासून बघतोय. एका हाताने लोकरीचा पेळू सोडायचा, खाली चाती भिरभिरते, नजर मेंढरांवर. तो सूत सणगराकडं जातो आणि त्याचं घोंगडं होतं. मेंढक्याच्या हातातल्या लोकरीला कुणी रिकामा उद्योग म्हणत नाही. पण बाईनं एसटीत बसून सुया काढल्या की शेजारचा हमखास म्हणतो, "वेळ बरा जातो न्हाई?" लोकर तीच, बोटं तशीच, चालणारा वेळही तसाच. एकाचं काम धरलं जातं, दुसरीचा वेळ जातो.

मालकीण विणायला शिकली गावातल्या शाळेच्या बाईंकडून. आता नातवंडांची टोपडी, मोजे, स्वेटर, शिवाय सुनेच्या माहेरची आणि भावकीतली. आमच्या मेंढरांची लोकर यासाठी चालत नाही. ती राठ, घोंगड्याला चांगली, तान्ह्या पोराच्या गळ्याला टोचते. बाजारात गुंड्यांनी मिळते ती मऊ. आम्ही तिला लोकरच म्हणतो, पण ती बहुतेक ॲक्रिलिकची असते. बारक्या पोराच्या स्वेटरला दीड-दोनशे ग्रॅम पुरते, मोठ्या माणसाच्या स्वेटरला अर्ध्या किलोच्या आसपास. म्हणजे तिच्या कामाचं वजन काहीच नाही.

पिशवी जड होते ती बाकीच्या गोष्टींनी. माझा जाडा चष्मा, माझ्या बीपीच्या गोळ्या, बँकेचं पासबुक, बचत गटाची वही, आधारकार्डाच्या झेरॉक्स, मोबाईल, पाण्याची बाटली, नातवाचा बिस्किटपुडा, येताना घेतलेली कोथिंबीर. नीट मोजलं तर त्यातलं तिचं एकटीचं फक्त विणकाम. आणि तेच तळाला.

तुम्ही म्हणाल, मग दोन पिशव्या कराव्यात. विणकामाची घरी ठेवावी, बाजाराची बाहेर न्यावी. हे सांगायला सोपं आहे, आणि मलाही ते आधी बरोबर वाटायचं. पण तिचं विणकाम होतं कधी ते बघा. दहिवडीला दाखल्यासाठी बसल्यावर, साताऱ्याला दवाखान्यात नंबर येईपर्यंत, एसटीच्या थांब्यावर, बँकेच्या रांगेत. घरी असली की हात भाकरीत, शेणात, धुण्यात. घरी ठेवलेली लोकर घरीच राहते. चार ओळी इथं, सहा ओळी तिथं, असा तिचा स्वेटर होतो. तिचा वेळ दुसऱ्यांच्या कामाच्या फटीतला आहे. म्हणून तिचं काम घरच्या ओझ्याबरोबरच फिरलं पाहिजे. वेगळं ठेवलं तर होत नाही, आणि एकत्र ठेवलं तर दबतं. पेच आहे तो इथं.

तिनं पिशव्या बऱ्याच करून बघितल्या. पहिली युरियाच्या पोत्याची. ही पोती पूर्वी पन्नास किलोची होती, २०१८ पासून पंचेचाळीस किलोची झाली. शिवून घेतली की फाटता फाटत नाही, पावसाला दाद देत नाही आणि फुकटात पडते. पण पट्टीचे धागे सुटतात आणि लोकरीत अडकतात. शिवाय खताच्या पोत्यात तान्ह्या पोराचं टोपडं ठेवू नये, कितीही धुतलं तरी. औषधाच्या खोक्यात तर कधीच नाही. हे शेतकरी म्हणून मी ठासून सांगतो.

दुसरी वायरची. तिच्या भोकांतून सुया बाहेर येतात, बसमध्ये शेजाऱ्याच्या मांडीला टोचतात. तिसरी कुठल्या तरी लग्नात मिळालेली तागाची. दिसायला झकास, पण तागाचा केस लोकरीला चिकटतो, आणि पांढऱ्या टोपड्यावर ते लगेच दिसतं. चौथी लेकीनं पुण्याहून आणली. शहरात आता विणकामाची खास पिशवी मिळते, तिला प्रोजेक्ट बॅग म्हणतात. हिला कप्पे चिक्कार, पण कप्प्यांना चरचर उघडणारं वेलक्रो. वेलक्रो आणि लोकर यांचं हाडवैर. एकदा चिकटलं की धागा उसवूनच सुटतो. उघड्या चेनचे दातही तसलेच. आतलं अस्तर काळं, त्यामुळं बारकी सुई पडली की हात घालून चाचपायची. पट्टा बोटाएवढा, खांद्याला काचणारा. लेकीनं प्रेमानं आणली म्हणून मालकिणीनं ती ठेवली, आणि तीत बचत गटाच्या वह्या घातल्या.

या मधल्या काळात एक प्रकार घडला. थोरल्याला ट्रॅक्टरची किल्ली पाहिजे होती. त्यानं आईच्या पिशवीत हात घातला आणि किल्लीबरोबर सुई ओढली गेली. साठ-सत्तर टाके घसरले, खाली चार ओळी उसवल्या. तो म्हणाला, "आई, एवढं काय, परत घाल की." ती टाके उचलत बसली. मग शांतपणे म्हणाली, "बाबा, मी तुझ्या खिशात कधी हात घातलाय का?"

तो गप्प झाला. मीही विचारात पडलो. आमच्या घरात खिशाला हात लावायचा तर विचारावं लागतं. कपाटाच्या लॉकरला विचारावं लागतं. तिच्या पिशवीला विचारावं लागत नव्हतं, कारण ती सगळ्या घराची धरली होती. मालकी म्हणजे काय, याची मला तेव्हा सोपी खूण सापडली. जिथं हात घालण्याआधी दुसरा विचारतो, तेवढंच आपलं. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावावर करा. ती गोष्ट मोठी आणि कागदावरची. पण कागदावर नाव लागूनही घरात विचारण्याची रीत आली नाही, तर नाव नुसतं शाईचं राहतं. आणि ती रीत पिशवीसारख्या बारक्या ठिकाणीच अंगवळणी पडते.

पारावर हा विषय निघाला तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "बाईचं येगळं, बाप्याचं येगळं झालं, की घर फुटलंच म्हणून समज." यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. वेगळं करण्याच्या नादात फुटलेली घरं मी बघितली आहेत. पण शेतकऱ्याला याचं उत्तर शेतातच मिळतं. आमची रानं उताराची. बांध नसेल तर वरच्या वावराचं पाणी खालच्याची माती घेऊन जातं. बांध घातला म्हणून रान तुटत नाही, उलट दोन्ही वावरांत ओल राहते. बांधावरून भांडणं होतात ती बांध कोरणाऱ्यामुळं. घरातही तसंच. एकाच पिशवीत राहावं, पण मधे एक बांध असावा.

शेवटी तिनं पिशवी स्वतःच बेतली. बाहेरचं कापड माझ्या जुन्या खाकी पॅंटींचं, जाड आणि मळखाऊ. तळ सपाट आणि रुंद, म्हणजे खाली ठेवली की कलंडत नाही. पट्टा चार बोटं रुंद, आत कापडाची दुहेरी घडी. उंची सुयांपेक्षा दोन बोटं जास्त, म्हणजे टोकं बाहेर येत नाहीत. अस्तर फिक्या रंगाचं सुती. तोंडाला चेन नाही, एक मोठं बटण. आणि आत, एका बाजूला, आईच्या जुन्या लुगड्याचा नाडीचा बटवा. त्यात लोकर, सुया आणि चालू काम. नाडी थोडी सैल ठेवली की धागा तोंडातून येत राहतो, गुंडा बसमध्ये गडगडत जात नाही. सुयांच्या टोकांना सायकलच्या व्हॉल्व्हला लावतात त्या रबरी नळीचे तुकडे, म्हणजे टाके घसरत नाहीत. बटवा वरच राहतो, कारण तो पट्ट्याच्या मुळाशी शिवलाय. कोथिंबीर, बाटली, गोळ्या त्याच्या खाली. पिशवीत घरातला कुणीही हात घालू शकतो. बटव्यात नाही.

आकाराचंही एक आहे. पिशवी मोठी घेतली की ती भरतेच. माउलींची पालखी शेजारच्या फलटण तालुक्यातून जाते. वारकऱ्याचं जड सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असतं, खांद्याला एवढीशी पिशवी. ती मोठी असती तर पंढरपूरपर्यंत खांदा टिकला नसता. २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा घरोघरी कापडी पिशव्या पुन्हा निघाल्या, पण पुष्कळांनी त्या पोत्याएवढ्या शिवल्या. मालकिणीनं तिची बेताची ठेवली. त्यामुळं एक चांगलं झालं. माझा चष्मा आणि गोळ्या आता माझ्या खिशात असतात. जागा नाही म्हटल्यावर ज्याचं ओझं त्यानं उचलायला लागतंच.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात कुणी विणत असेल, शिवत असेल, वहीत काही लिहीत असेल, किंवा नुसतं एखादं पुस्तक बरोबर बाळगत असेल, तर पिशवी घेताना रंग आणि किंमत मागाहून बघा. आधी पट्टा खांद्याला काचतो का ते बघा, आत हात फिरवून काही अडकतं का ते बघा. मग विचारा, तिच्या कामाला यात वरची जागा आहे का? नसेल तर सुती कापडाचा हातभर तुकडा आणि एक नाडी एवढ्यावर भागतं. ते शिवायला एक दुपार लागते. त्यात हात घालण्याआधी विचारायची सवय लागायला मात्र जास्त दिवस लागतात. आमच्या घरात ती अजून लागतेच आहे.