आत्ता नको, पुढे बघू



संत याकोबाच्या पत्रातील दुसऱ्या अध्यायाचे वाचन मिस्सात होते, तेव्हा आपल्याला हमखास कोणीतरी दुसरा आठवतो. बोटात सोन्याची अंगठी असलेला माणूस सभेत येतो आणि त्याला मानाची जागा मिळते. मळक्या कपड्यांतला गरीब येतो आणि त्याला उभे राहायला किंवा खाली बसायला सांगतात. हे ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर शेजारचा येतो, कमिटीतला येतो, फार तर पलीकडच्या धर्मग्रामातला येतो. बाक दाखवणारा हात आपलाही असू शकेल असे मनात येत नाही.

आज आपण अमेरिकेतील एका धर्मप्रांताची हकीकत पाहणार आहोत. तीही बाकांवरूनच सुरू होते. तिच्यात एक प्रश्न आहे आणि तो आपल्यापैकी प्रत्येकाला लागू पडतो, कारण घरातील वडीलधारे, समूहाचे प्रमुख, पालकीय परिषदेचे सभासद, गायनमंडळ सांभाळणारे असे आपण सगळे कुठे ना कुठे पुढारी आहोतच. एखादी गोष्ट अन्यायाची आहे हे पुढाऱ्याला कळले, पण लोक अजून तयार नाहीत, तर त्याने काय करावे? थांबावे का? आणि थांबला, तर त्या थांबण्याची किंमत कोण भरतो?

लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स हे जुने कॅथलिक शहर आहे. तिथे आधी फ्रेंच आणि स्पॅनिश राज्य होते, त्यामुळे गोरे कॅथलिक पुष्कळ आणि कृष्णवर्णीय कॅथलिकही पुष्कळ. (तिथे जिल्ह्यालादेखील आजवर ‘पॅरिश’ म्हणतात. सरकारी कागदावर पॅरिश लिहिले म्हणून माणसे एका धर्मग्रामाची होत नाहीत, हे पुढे दिसेलच.) गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. नंतर वेगळेपणाचे कायदे आले आणि ते चर्चच्या दारातूनही आत शिरले. कृष्णवर्णीयांसाठी मागचे बाक राखून ठेवलेले असत. ख्रिस्तप्रसाद घ्यायला त्यांनी गोऱ्यांच्या नंतर यायचे. १८९५ पासून त्यांच्यासाठी वेगळे धर्मग्राम निघू लागले. तोच प्रभू, तीच मिस्सा, तीच लॅटिन प्रार्थना, फक्त बाक वेगळा.

१९३५ साली जोसेफ रमेल तिथे आर्चबिशप म्हणून आले. जन्म १८७६ चा, जर्मनीतला. लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेले, म्हणजे स्वतः परक्या मुलुखातून आलेल्या कुटुंबातले. पहिली बरीच वर्षे त्यांनी ही बाकांची व्यवस्था जशी होती तशीच चालू दिली. हे मुद्दाम सांगतो, कारण थोरांची चरित्रे वाचताना आपल्याला वाटते की ही माणसे पहिल्या दिवसापासूनच थोर होती. रमेल यांनी धर्मगुरूंच्या सेमिनरीचे दार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना उघडले ते १९४८ साली. तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. या वयात आपल्याकडे माणूस म्हणतो, आता माझा स्वभाव काय बदलणार?

१९५३ साली त्यांचे पालकीय पत्र सर्व चर्चमधून वाचले गेले. बाक, ख्रिस्तप्रसादाची रांग, पापनिवेदन, धर्मग्रामातील संस्थांच्या सभा, कोठेही वर्णावरून भेद करायचा नाही, असा त्याचा आशय होता. पत्र वाचून झाले. ‘मागचे बाक’ सांगणाऱ्या पाट्या निघाल्या. मनातल्या पाट्या निघाल्या नव्हत्या, हे दोन वर्षांनी कळले.

ऑक्टोबर १९५५ मध्ये प्लॅकमिन्स पॅरिशमधील जेझुइट बेंड नावाच्या खेड्यातील छोट्या प्रार्थनालयात रविवारची मिस्सा अर्पण करण्यासाठी फादर जेराल्ड लुईस आले. ते एस.व्ही.डी. संस्थेचे धर्मगुरू होते. या संस्थेचे काम आपल्याकडे पुण्यातही आहे. फादर लुईस कृष्णवर्णीय होते. गावातील काही गोरे कॅथलिक आडवे आले आणि त्यांनी त्यांना मिस्सा अर्पण करू दिली नाही. जरा डोळ्यांसमोर आणून पाहा. माणसे रविवारचे कपडे घालून, मुलाबाळांना घेऊन प्रभूभोजनाला आली आहेत आणि वेदीवर येणाऱ्या धर्मगुरूला आत सोडत नाहीत. भाकर हवी, पण ती या हातांतून नको.

आर्चबिशपांनी ते प्रार्थनालयच बंद केले. कोणत्याही धर्मगुरूला तो कृष्णवर्णीय आहे म्हणून नाकारणाऱ्यांना दुसरा धर्मगुरू मिळणार नाही, असा त्याचा अर्थ होता. व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने त्यांच्या निर्णयाची वाखाणणी केली. गावात मात्र संताप झाला.

फेब्रुवारी १९५६ मध्ये रमेल यांनी आणखी एक पालकीय पत्र काढले. वर्णभेदाची व्यवस्था नैतिकदृष्ट्या चूक आहे, पाप आहे, असे त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले. कारणही दिले: देवाने घडवलेल्या मानवजातीच्या एकतेलाच ती नाकारते. लोकांनी त्यांच्या बंगल्याच्या आवारात क्रूस जाळला. काही प्रतिष्ठित कॅथलिकांनी संघटना काढली आणि थेट पोपमहाशयांकडे दाद मागितली. तिथूनही त्यांच्या बाजूने उत्तर आले नाही.

इथपर्यंतची हकीकत ऐकायला बरी वाटते. पण या पत्रानंतर प्रश्न कॅथलिक शाळांचा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच सरकारी शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला होता. आर्चबिशपांनी तर त्याला पाप म्हटले होते. मग कॅथलिक शाळा केव्हा उघडणार? पालक म्हणाले, आम्ही मुले काढून घेऊ. राज्याच्या विधिमंडळातून शाळांची मदत तोडण्याची धमकी आली. रमेल यांनी निर्णय पुढे ढकलला. मग आणखी पुढे ढकलला.

१४ नोव्हेंबर १९६० रोजी सहा वर्षांची रुबी ब्रिजेस केंद्र सरकारच्या बंदोबस्तात न्यू ऑर्लिन्समधील एका सरकारी शाळेची पायरी चढली. बाहेर मोठी माणसे तिच्यावर ओरडत होती. त्याच दिवशी आणखी तीन मुली दुसऱ्या एका शाळेत गेल्या. आणि ज्या धर्मप्रांताने चार वर्षांपूर्वी या गोष्टीला पाप म्हटले होते, त्याच्या शाळा त्या दिवशीही तशाच वेगळ्या होत्या. न्यायालयाने चार मुलींना पुढे पाठवले होते, ख्रिस्तसभा अजून योग्य वेळेची वाट पाहत होती.

आम्ही रमेल यांना दोष देण्याच्या घाईत नाही. ऐंशी उलटलेले, नजर जवळजवळ गेलेली, १९६० साली पडून हातपाय मोडलेले वृद्ध गृहस्थ ते. शाळा रिकाम्या पडल्या असत्या तर जबाबदारी त्यांच्यावरच आली असती. लोकांना दुरावू नये, समजावून न्यावे, या म्हणण्यात तथ्य आहे. मेंढपाळ फार पुढे निघून गेला तर कळप मागे राहतो, हेही खरे. पण १९५६ साली सहा वर्षांचे असलेले कृष्णवर्णीय कॅथलिक मूल १९६२ साली बारा वर्षांचे झाले होते. समजावणी गोऱ्या पालकांची चालली होती आणि वर्षे त्या मुलाची जात होती. सबुरी हा सद्गुण आहे खरा. पण ज्याला खुर्ची मिळालेली आहे तो सबुरी पाळतो आणि जो उभा आहे त्याचे पाय दुखतात, तेव्हा तिला सद्गुण म्हणायचे का, हे आपण पापनिवेदनाच्या वेळी स्वतःला विचारायला हवे.

अखेर मार्च १९६२ मध्ये रमेल यांनी जाहीर केले की येत्या शैक्षणिक वर्षापासून सर्व कॅथलिक शाळा सर्वांना खुल्या राहतील. विरोध पेटला. पवित्र सप्ताहातील सोमवारी, १६ एप्रिलला, त्यांनी तीन जणांना ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केले. त्यांतील लिएंडर पेरेझ हे प्लॅकमिन्सचे सर्वेसर्वा होते. जेझुइट बेंड त्यांच्याच मुलुखात. त्याच मुलुखातील बुरास येथील शाळेत त्या वर्षी पाच कृष्णवर्णीय मुले आली, तेव्हा गोऱ्या पालकांनी आपली मुले घरी ठेवली. पुढच्या वर्षी ती शाळा स्फोट घडवून पेटवण्यात आली. इतरत्र मात्र शाळा रिकाम्या पडल्या नाहीत. ज्या प्रलयाच्या भीतीने सहा वर्षे गेली, तो प्रलय बहुतेक ठिकाणी आलाच नाही. रमेल १९६४ साली वारले. पेरेझ यांनी १९६९ मधील मृत्यूपूर्वी ख्रिस्तसभेशी समेट केला होता, हेही नोंदवायला हवे. बहिष्काराचे दार दोन्ही बाजूंनी उघडते.

आता कोणी म्हणेल, हा गोऱ्या-काळ्यांचा प्रश्न, तो अमेरिकेचा. आपला काय संबंध?

गोव्याच्या दिवाडी बेटावरील मातेउस द कास्त्रो यांची आठवण काढा. सतराव्या शतकात त्यांना धर्मगुरू व्हायचे होते. ते एतद्देशीय होते, म्हणून गोव्याच्या पोर्तुगीज आर्चबिशपांनी त्यांना दीक्षा दिली नाही. ते रोमला गेले, तिथे धर्मगुरू झाले आणि १६३७ साली बिशप नेमले गेले. अडीचशे वर्षांनंतर अमेरिकेत जन्माने गुलाम असलेल्या ऑगस्टस टोल्टन यांना तिथली एकही सेमिनरी घेईना. तेही रोमलाच गेले आणि १८८६ साली तिथे धर्मगुरू झाले. एकच दुखणे, एकच वाट. पण कास्त्रो यांची हकीकत इथे संपत नाही. त्यांनी पुढे गोव्यातील धर्मगुरूंना उद्देशून जे लिखाण केले, त्याचे नावच ‘ब्राह्मणांचा आरसा’. रंगाचा चटका बसलेल्या माणसालाही जातीचा अभिमान सोडवला नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तो आपोआप न्यायी होत नाही. परदेशात कामाला गेलेली आपली मुले तिथे रंगावरून बोलणी खातात, त्याचे आपल्याला वाईट वाटते. आणि इथे सून पाहताना आपण पहिले काय विचारतो? गोरी आहे का? त्याच्या पुढचा प्रश्न कोणता असतो, हे लिहायला नको.

तामिळनाडूत वडक्कनकुलम येथे एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या चर्चला दोन वेगळे भाग होते, पाटलोणीच्या दोन पायांसारखे. वेदी एक, जाती दोन, मध्ये भिंत. ती भिंत १९१० मध्ये पाडण्यात आली, तीही भांडण झाल्याशिवाय नाही. दलित ख्रिस्ती बांधवांना ख्रिस्तसभेतही भेदभाव सोसावा लागतो, हे भारताच्या बिशपांनी २०१६ साली आपल्या धोरणात लेखी मान्य केले. २०२२ साली हैदराबादचे आर्चबिशप पूला अँथनी हे पहिले दलित कार्डिनल झाले. आनंदाचीच गोष्ट. पण १९१० ते २०२२ हे अंतर मोजून पाहावे.

आपल्या धर्मग्रामात भिंत नाही. बाकांवर पाट्याही नाहीत. मात्र सकाळच्या मिस्सात डाव्या बाजूच्या शेवटच्या तीन बाकांवर कोण बसते, ते या रविवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन परत येताना पाहावे. झारखंडच्या आदिवासी मुली, ज्या आपल्याच घरांत स्वयंपाक आणि लहान मुलांचे पाहतात. बाकाशी जागा असूनही खांबाजवळ उभी राहणारी काही मंडळी. त्यांना कोणी मागे बसवले नाही. पुढे या, असेही कोणी म्हटले नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांतील एक मुलगी आमच्याकडे आली होती. ‘आम्ही’ म्हणजे वाचकांची यादी ठरवणारी मंडळी. तिने गावी मिस्सात वाचन केले होते, मराठी वाचायलाही शिकली होती. नाताळच्या नवेनात एक दिवस मला वाचू द्याल का, असे तिने विचारले. आम्हाला राग आला नाही, आम्ही तिला टाकूनही बोललो नाही. उच्चार नीट होतील की नाही, लोक काय म्हणतील, जी घराणी वर्षानुवर्षे वाचत आली आहेत ती दुखावतील का, असा विचार केला आणि प्रेमाने सांगितले, ‘बाळा, यावर्षी यादी झाली आहे. पुढच्या वेळी बघू.’

पुढच्या वर्षीची यादी करायला बसलो, तेव्हा एका बाईंनी तिची आठवण काढली. चौकशी केली. ती ज्या घरी काम करीत होती तिथले कुटुंब दुसरीकडे राहायला गेले होते. तिच्याबरोबरच्या मुलींना विचारले, तर त्यांनाही नक्की ठाऊक नव्हते. एकीने मात्र सांगितले की तो उतारा तिने वहीत उतरवून घेतला होता आणि रात्री भांडी आटोपल्यावर ती तो मोठ्याने वाचायची.

यंदाची यादी अजून व्हायची आहे. पुढच्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर आम्ही त्यासाठी बसणार आहोत, आणि या वेळी बसण्याआधी शेवटच्या तीन बाकांकडे जाणार आहोत.