विकतचा एकांत

मालदीवमधला रिसॉर्ट निवडताना कोणते प्रश्न विचारायचे, हे आता पुण्या-मुंबईच्या घरांत सगळ्यांना पाठ झाले आहे. खोली किनाऱ्यावर घ्यायची की पाण्यात खांबांवर उभारलेली? मालेच्या विमानतळावरून पुढे स्पीडबोटीने जायचे की सीप्लेनने? प्रवाळ पोहत गाठता येईल इतके जवळ आहे का, न्याहारीबरोबर रात्रीचे जेवणही दरात धरले आहे का? मुंबईहून विमानाने जेमतेम तीन तासांवरचा हा देश, त्यामुळे लग्नानंतरची सहल ठरवताना त्याचे नाव निघतेच. या यादीत एक प्रश्न कमी आहे आणि तो धर्माचा आहे, असे माझे म्हणणे आहे. आपण ज्यांच्या जिवावर सुख भोगतो त्यांचे आपण काही लागतो की नाही, हा तो प्रश्न. तो मालदीवच्या बाबतीत विशेष तीव्र होतो, कारण तिथे रिसॉर्ट म्हणजे बहुधा एक अख्खे बेट असते. १९७२ साली मालेजवळच्या एका निर्मनुष्य बेटावर कुरुम्बा हा पहिला रिसॉर्ट सुरू झाला आणि ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ ही रीत पडली. सुमारे बाराशे बेटांच्या या देशात लोकवस्तीची बेटे दोनशेच्या आतच आहेत. उरलेल्यांतली काही सरकार भाडेपट्ट्याने देते. पाहुणा ज्याचे पैसे मोजतो त्यात गादी, जेवण आणि समुद्र असतोच, पण त्याहून मोठी गोष्ट असते ती गाव नसलेली, बाजार नसलेली, शाळा सुटून मुले रस्त्यावर येत नाहीत अशी जागा. तिथे एकांत विकत मिळतो.

सुख वाईट, असे मला म्हणायचे नाही, हे आधी स्पष्ट करायला हवे. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय नीतीत आरामाविषयी एक जुना संशय आहे. महाग गोष्ट घेतली की ती पापाच्या जवळ जाते, अशी काहीशी समजूत त्यामागे असते. या संशयाला परंपरेचा आधार वाटतो तेवढा नाही. चार पुरुषार्थांत कामाला जागा आहे आणि ती चोरून दिलेली जागा नव्हे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाला बसायची जागा कशी असावी याचे वर्णन येते, ते या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. ज्ञानेश्वर तिथे ओसाड, रुक्ष जागा सांगत नाहीत. पावलोपावली निर्मळ पाणी, कोवळे ऊन, मंद वारा, गोड मुळांची आणि सदा फळणारी झाडे, पाण्यालगत हंस-सारस, कधी एखादा कोकीळही चालेल, मोर येऊन जाऊन असले तरी हरकत नाही! विलासी माणसानेही ती जागा पाहताक्षणी राज्य टाकून तिथेच राहावेसे म्हणावे, इतकी ती रम्य असावी अशी त्यांची अपेक्षा आहे. मनाच्या शांतीला सुंदर जागेची मदत होते, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. तेव्हा निळ्या खाडीकाठी चार दिवस निवांत पडावेसे वाटणे ही इच्छा मुळात निकोप आहे. प्रश्न सौंदर्याचा नाही. त्या एकांताची घडण कशी आहे, याचा आहे.

एकांताची एक जुनी घडण मालदीवच्याच वाळूखाली सापडली आहे. ११५३ साली तिथल्या राजाने इस्लाम स्वीकारला. त्याआधी कित्येक शतके ही बेटे बौद्ध होती. काशिधू बेटावरच्या उत्खननात प्रवाळदगडात बांधलेल्या बौद्ध मठाचे अवशेष मिळाले आहेत. म्हणजे समुद्राने वेढलेल्या या जमिनीवर शांतता शोधायला माणसे आजच येत आहेत असे नाही. पण भिक्खूचा एकांत विनयाच्या, म्हणजे भिक्खूसंघाच्या आचाराच्या, नियमांनी बांधलेला होता. त्याने अन्न साठवून खायचे नाही, रोज भिक्षेवर जगायचे. म्हणून त्याचे निवासस्थान गावापासून फार लांब नको आणि फार जवळही नको. ध्यानाला शांतता मिळावी इतके अंतर आणि सकाळी पात्र घेऊन चालत जाता यावे इतकी जवळीक. त्याचा एकांत दिवसातून एकदा गावाच्या दारात उभा राहत असे आणि आपण कोणाचे अन्न खातो हे त्याला चेहऱ्यानिशी कळत असे. आपल्या कान्हेरीच्या लेण्यांतही हीच व्यवस्था दगडात दिसते. डोंगरावरच्या त्या विहारांत पाण्याची टाकी आहेत आणि टाकी, लेणी, बाक कोणी दान दिले ते लेखांत कोरलेले आहे. कल्याण, सोपारा अशा गावांच्या व्यापाऱ्यांची, गृहस्थांची, स्त्रियांचीही नावे त्यांत आहेत. त्या टाक्यातले पाणी पिणाऱ्याला ते पाणी कोणामुळे मिळाले हे वाचता येत होते. जग सोडलेल्या माणसालाही जगाचे ऋण डोळ्यांसमोर ठेवूनच बसावे लागे, ही त्या एकांताची प्रतिष्ठा होती.

विकतच्या एकांताची घडण बरोबर उलटी आहे. प्रवाळबेटाच्या वाळूखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा एक पातळ थर तेवढा असतो. शेकडो पाहुण्यांच्या आंघोळी आणि पोहण्याचे तलाव त्यावर भागत नाहीत. म्हणून समुद्राचे पाणी यंत्राने गोडे करावे लागते, यंत्राला वीज लागते आणि ती वीज मुख्यतः डिझेलवर तयार होते. मासे सोडले तर ताटातले जवळजवळ सगळे बोटीने किंवा विमानाने आणलेले असते. कचरा कुठे तरी जावा लागतो. मालेजवळची एक खाडी १९९० च्या दशकापासून कचऱ्याने भरत भरत थिलाफुशी नावाचे बेट तयार झाले, ते या सुखाचेच दुसरे टोक आहे. आणि माणसे! महागड्या रिसॉर्टमध्ये पाहुण्यांच्या बरोबरीने किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतात. त्यांत मालदीवचे लोक असतात, तसेच बांगलादेश, भारत, श्रीलंका, नेपाळ इथून घर सोडून आलेलेही असतात. त्यांची राहण्याची जागा बहुधा बेटाच्या मधोमध, दाट झाडीआड, पाहुण्याच्या वाटेपासून दूर ठेवलेली असते. जनरेटरचा आवाज येऊ नये, कपडे धुण्याची जागा दिसू नये, खोली आवरणारा माणूस आपण न्याहारीला गेल्यावर येऊन जावा, अशी सगळी योजना असते. सेवा जितकी उंची, तितकी ती करणारी माणसे अदृश्य. महागड्या खोलीत मऊ गादीच्या बरोबरीने आपल्याला न दिसण्याची ही सोय मिळते आणि माझा आक्षेप नेमका तिच्यावर आहे.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भोगाविषयी एक कडक विधान आहे. जे मिळाले त्यातले परत न देता जो भोगतो त्याला तिथे चोर म्हटले आहे. लक्षात घ्यायला हवे की भोगणाऱ्याला चोर म्हटलेले नाही, भोगाचे प्रमाण किती असावे हेही सांगितलेले नाही. अन्नापासून पावसापर्यंत आणि पावसापासून कर्मापर्यंत एक चक्र फिरत असते. त्यात आपला वाटा न घालता फक्त घेत राहणारा चोर ठरतो. या निकषाने पाहिले तर साध्या लॉजमध्ये राहणारा माणूसही चोर असू शकतो आणि राजवाड्यात राहणारा नसूही शकतो. पण परतफेड करायची तर देणे आहे हे आधी कळायला हवे, आणि हे कळणेच ज्या व्यवस्थेने शिताफीने काढून टाकले आहे तिथे सज्जन माणूसही नकळत त्या विधानाच्या कक्षेत येतो.

यावर पहिले उत्तर ठरलेले आहे: मी पैसे मोजले, हिशेब मिटला. ते अगदीच चुकीचे नाही. तिथल्या बिलात किमान दहा टक्के सेवाशुल्क असते, ते कर्मचाऱ्यांच्या पगारात भर घालते, आणि मजुरी पैशातच द्यायची असते, आशीर्वादात नव्हे. पण पैशाने फक्त त्याचाच हिशेब मिटतो ज्याची किंमत कोणीतरी मागितली आहे. पायाखालच्या पांढऱ्या वाळूचे पाहा. तिचा बराच भाग प्रवाळ कुरतडून खाणाऱ्या पॅरटफिशच्या पोटातून बाहेर पडलेला असतो. प्रवाळ जिवंत तर हे मासे, मासे तर वाळू, वाळू तर बेट. १९९८ साली समुद्र तापला तेव्हा मालदीवच्या उथळ पाण्यातले बहुतेक प्रवाळ पांढरे पडून मेले, आणि सावरत असतानाच २०१६ मध्ये पुन्हा मोठा फटका बसला. ज्या देशाची सर्वात उंच नैसर्गिक जमीनही समुद्रसपाटीपासून अडीच मीटरच्या आत आहे, त्या देशाला ही वाळू म्हणजे अंगणाची शोभा नव्हे, ती जमीनच आहे. तिथे पोहोचवणारे विमान, खोली थंड ठेवणारे डिझेल आणि तो तापलेला समुद्र यांचा संबंध कुठल्याच बिलावर लिहिलेला नसतो. सरकारने २०१५ पासून पाहुण्यांवर हरित कर बसवला. रिसॉर्टमध्ये तो माणशी रात्रीला ६ डॉलर होता, २०२५ पासून १२ डॉलर झाला. म्हणजे किमतीत सगळे आले नव्हते हे राज्यानेच मान्य केले. १२ डॉलरने ते आले असेही कोणी म्हणणार नाही.

मग जाऊच नये, हे दुसरे उत्तर. ते पहिल्यापेक्षा उदात्त दिसते, म्हणून त्याच्याशी जास्त सावधपणे बोलायला हवे. २०२० मध्ये महामारीमुळे मालदीवने मार्चच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाहुण्यांना दार बंद केले होते. त्या वर्षात देशाची अर्थव्यवस्था सुमारे एक तृतीयांशाने आकसली. आपण न गेल्याने आपले हात स्वच्छ राहतात, पण तो स्वच्छपणा खोली आवरणाऱ्याच्या घरी पोहोचत नाही. शिवाय टाळणे म्हणजे परतफेड नव्हे. दाराशी आलेले नाते नाकारणे आणि नाते निभावणे यांत परंपरेने कायम फरक केला आहे; म्हणून तर गृहस्थाश्रमाला सर्वांचा आधार म्हटले गेले. ज्याला विमानाच्या धुराचा विचार करून मनापासून घरी राहावेसे वाटते त्याच्याविषयी मला आदर आहे. पण ज्याने जायचे ठरवले आहे त्याची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही.

खरा अवघड आक्षेप तिसरा आहे आणि तो मालदीवच्या लोकांच्या बाजूने घेता येतो. पाहुण्यांना वेगळ्या बेटावर ठेवण्यामागे तुच्छता नव्हती. हा मुस्लिम देश आहे. दारू रिसॉर्टमध्ये चालते, गावात नाही. परक्यांची राहणी गावावर लादली जाऊ नये म्हणून ही भिंत घातली गेली, मग ती पाडा म्हणणारे आपण कोण? हा मुद्दा मी मानतो. यजमानाच्या घराची मर्यादा पाळणे हे अतिथीचे पहिले कर्तव्य आहे. पण त्या भिंतीने मर्यादा राखली तशी मिळकतही अडवली. लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस चालवायची मोकळीक २००९ मध्ये मिळाली, तोपर्यंत समुद्र सगळ्यांचा आणि पाहुणा मोजक्यांचा अशी स्थिती होती. मोकळीक मिळताच माफुशीसारख्या बेटांवर गावकऱ्यांनी स्वतः गेस्टहाउस काढली, पाहुण्यांच्या पोहण्यासाठी किनाऱ्याचा वेगळा भाग राखला आणि दारूबंदी कायम ठेवली. मर्यादा सांभाळूनही नाते ठेवता येते हे त्यांनीच दाखवले. आणि ज्या धर्माच्या रक्षणासाठी भिंत होती तो धर्म जकात सांगतो. श्रीमंताच्या मालमत्तेत गरजूचा वाटा हक्काचा असतो, दयेचा नव्हे, हा विचार गीतेतल्या त्या कडक विधानापासून फार दूर नाही.

राहिला प्रश्न विश्रांतीचा. वर्षभर राबलेल्या माणसाला आठ दिवस तरी सगळे विसरू द्यावे, तिथेही ऋण-फेडीचा हिशेब मांडला तर सुट्टी कसली, असे म्हणणाऱ्याची दमणूक खरी आहे. पण विसरणे आणि विसावणे एक नाही. जे विसरून बरे वाटते ते परतल्यावर तसेच समोर उभे असते. ज्ञानेश्वरांच्या त्या रम्य जागेत माणूस सभोवतालच्या झाडा-पाण्याकडे अधिक जागा होऊन बसतो. आपल्याला पाणी देणाऱ्या यंत्राची, मासा गळाने एकेक पकडणाऱ्या कोळ्याची, बाहेरच्या प्रवाळाची ओळख असणे हे त्या जागेपणातच येते. त्याने मन जड होत नाही, कृतज्ञ होते, आणि कृतज्ञ माणसाला झोपही चांगली लागते. म्हणून निवडताना खोलीच्या दराबरोबर हेही विचारावे: बेट मूळचे आहे की खाडीतला गाळ उपसून घडवलेले, कारण तो गाळ बसून आसपासचे प्रवाळ गुदमरते, वीज कितपत सूर्याची आहे, कचऱ्याचे काय होते, जवळच्या लोकवस्तीच्या बेटावरची किती माणसे कामाला आहेत, त्यांत बायका किती, कर्मचारी घरी किती महिन्यांनी जातात. आठातले तीन दिवस रिसॉर्टमध्ये आणि उरलेले थोड्डूसारख्या, कलिंगड-पपया पिकवणाऱ्या बेटावरच्या गेस्टहाउसमध्ये काढायला काय हरकत आहे? बा प्रवाळद्वीप २०११ पासून युनेस्कोचे जीवावरण राखीव क्षेत्र आहे. तिथल्या हनिफारू उपसागरात मांटा मासे पाहायला नियम पाळूनच उतरावे लागते, त्या नियमांची कुरकूर न करणे हीही परतफेड आहे. या प्रश्नांची सगळी उत्तरे मनासारखी मिळणार नाहीत. पण जो रिसॉर्ट ते ऐकून घेतो आणि जमेल तेवढे खरे सांगतो, तो चार तारे कमी असला तरी मी आधी निवडेन.