मद्य गेल्यावरचे मद्यपात्र

मद्य संपल्यावर रिकाम्या पात्रात मद्याचा दोष उरतो काय, हा प्रश्न धर्मशास्त्राने द्रव्यशुद्धीच्या, म्हणजे वापरातील वस्तू पुन्हा शुद्ध करून घेण्याच्या, प्रकरणात हाताळला आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायानुसार धातूची आणि दगडाची पात्रे राख, पाणी व माती यांनी शुद्ध होतात आणि मातीचे भांडे पुन्हा भाजल्याने शुद्ध होते. मात्र मद्य, मूत्र, रक्त अशा पदार्थांचा संसर्ग झालेले मातीचे भांडे भाजूनही शुद्ध होत नाही. यात निव्वळ तिटकारा पाहणे घाईचे ठरेल, कारण भाजलेली माती सच्छिद्र असते आणि तिने शोषलेल्या वाइनचे टार्टारिक आम्ल रसायनतज्ज्ञांना हजारो वर्षांनंतरही खापरांत सापडते. पश्चिम भारतात रोमन मानली गेलेली बरीच खापरे पुढे मेसोपोटेमियातील कुंभांची ठरली, ती मुख्यतः आतल्या डांबराच्या लेपामुळे. माती आतला द्रव पिते, हे ते लेप देणाऱ्यांनाही ठाऊक होतेच.

काच काहीच पीत नाही. त्यामुळे जुन्या बाटलीची ओळख तिच्या घडणीवरूनच पटवावी लागते: तळाचा खरखरीत व्रण, म्हणजे कारागिराने चिकटवलेली लोखंडी कांब तोडल्याची खूण, हातकामाची साक्ष देतो, तर ओठापर्यंत चढलेला साच्याचा सांधा बहुधा यंत्राची, आणि ओवेन्स यांचे बाटल्या घडवणारे स्वयंचलित यंत्र 1903 च्या सुमाराचे आहे. काचेवर उठवलेल्या नावावरून आत काय होते हे ठरवणे मात्र न्यायशास्त्रातील सव्यभिचार हेतू होय, म्हणजे साध्य नसतानाही आढळणारी आणि म्हणून फसवणारी खूण. दारूच्या बाटलीत मध किंवा रॉकेल भरणे आपल्याकडे नित्याचेच.

महाराष्ट्रातील, घाटावरच्या चंदगडसारख्या ठिकाणी दोषाच्या या प्रश्नाला कायद्याचीही जोड मिळते. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा, तर तिलारी घाटाखालून जवळच असलेला गोवा 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडे. तेव्हा तीच भरलेली बाटली गोव्यात माल आणि घाटावर गुन्हा ठरे, काच मात्र दोन्हीकडे तीच. अद्वैत वेदान्ताचे आचार्य गौडपाद यांनी घटाकाशाचा, म्हणजे घटाच्या पोकळीतील आकाशाचा, दृष्टान्त देताना एका घटातील धूळ-धुराने इतर घटांतील आकाश मळत नाही असे सांगितले. पण त्यांचा विषय आत्मा होता, भांडे नव्हे, हे विसरून तो दृष्टान्त बाटलीच्या शुद्धीसाठी वापरणे गैर होईल. व्यवहारात दोष असलाच तर तो उरलेल्या अंशात असतो, आणि काचेवरचा अंश धुऊन जातो. जाणता संग्राहक मात्र तळाशी वाळलेला गाळ धुवत नाही; धर्मशास्त्र ज्याला मळ म्हणेल, तेच त्याच्या लेखी आत काय होते याचे एकमेव प्रमाण असते.