महिदपूरकरांचं इंदूर कोण?

॥ जय गुरुदेव ॥



क्षिप्रामाई आपली पापं धुते, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग माईलाच मळवण्याचं पाप कुठल्या नदीत धुवायचं?

रामघाटावर हा विषय निघाला की आपलं उत्तर ठरलेलं, "इंदूरची घाण आहे हो!" ते खोटं नाही. खान नदी इंदूरचं सांडपाणी घेऊन त्रिवेणीला क्षिप्रेत मिळते. म्हणून २०१४ मध्ये नर्मदेचं पाणी पंपांनी उचलून क्षिप्रेच्या उगमाजवळ सोडलं. २०१६ च्या सिंहस्थासाठी खानचं पाणी पाइपातून कालियादेहकडे वळवायची सोय केली. पण बिघडलेल्या आमटीत पाणी ओतलं तर ती वाढते, सुधारत नाही. आणि वळवलेली घाण संपत नाही, फक्त आपल्या घाटांना वळसा घालून पुढे जाते.

पुढे कोण आहे? महिदपूर. तेही क्षिप्रेच्याच काठी. त्यांच्याकडे आपल्याही नाल्यांचं पाणी जातं. म्हणजे इंदूर आपल्याला जसं, तसे आपण महिदपूरकरांना! वरच्याने आपल्याशी जसं वागावं असं वाटतं, तसं आपण खालच्याशी वागतो का? माझ्या मते खरा धर्म इथेच कसाला लागतो.

"एका घराने काय होणार?" असं कोणी म्हणेल. पण नदीची स्वतःची घाण नसतेच. उतारावरच्या प्रत्येक घराचं, शेताचं, कारखान्याचं पाणी शेवटी तिच्याकडेच येतं. जे घराघरातून येतं, ते घराघरातूनच थांबेल. मात्र एकेकट्याने नाही, मोहल्ल्याने मिळून. कारखान्यांवर आणि मोठ्या नाल्यांवर उपाय सरकारनेच करायचा, पण विचारणारे आपण हवेत ना!

२०२८ चा सिंहस्थ आता दूर नाही. या आठवड्यात प्रत्येक कुटुंब-गटाने तीन कामं करावीत. एक, आपल्या गल्लीची नाली शेवटी कुठे जाते ते चालत जाऊन पाहावं. दोन, निर्माल्य नदीत किंवा सप्तसागरांत न टाकता एका ठिकाणी जमवून त्याचं खत करावं. तीन, नालीबद्दल जे दिसलं ते लिहून, सगळ्यांच्या सह्यांनिशी आपल्या पार्षदांना द्यावं.

स्नानाचं पुण्य एकट्याचं असेल, पण नदी सगळ्यांची आहे. महिदपूरच्या माणसालाही ती माईच आहे.

॥ जय गुरुदेव ॥
— एक सेविका, उज्जैन