नाही म्हणणारा शिष्य

दर रविवारी मराठीच्या वर्गाला जाताना टेकड्यांच्या पायथ्याशी मिशन सॅन होझेचे पांढरे प्रार्थनामंदिर लागते. कॅलिफोर्नियातील आमचे फ्रीमाँट हे शहर पाच गावे एकत्र करून 1956 साली झाले. हे मिशन मात्र 1797 चे, आणि येथील ओलोनी व पुढे आतल्या खोऱ्यातील योकुट लोकांना बाप्तिस्मा देऊन त्यांना प्रार्थना, शेती आणि वाद्यवादन शिकविण्याचा एक अवाढव्य वर्गच पाद्र्यांनी तेथे भरविला होता. अशा वर्गांच्या बंदोबस्तासाठी चाबूक आणि शिपाई असत. 1828 च्या सुमारास एस्तानिस्लाओ नावाचा एक योकुट, ज्याच्या हुशारीमुळे पाद्र्यांनी त्याला अल्काल्दे, म्हणजे जवळजवळ पाटीलच, नेमले होते, तो आपल्या माणसांसह खोऱ्यात निघून गेला आणि फादर नार्सिसो दुरान यांना त्याने कळविले की, आम्ही परत येणार नाही. त्याच्यावर फौजा धाडून झाल्या. अखेरीस त्याच दुरान यांनी गव्हर्नराकडे रदबदली करून त्याला माफी मिळवून दिली. आज एक नदी आणि एक परगणा त्याचे नाव चालवितात.

हा इतिहास मला आठवावा, असा प्रसंग माझ्याच वर्गात घडला. आठ वर्षांचा एक मुलगा पाटी-पेन्सिल ढकलून टेबलाखाली जाऊन बसला आणि म्हणाला, “मला नाही लिहायचं.” मी माझ्या वडिलांच्या आवाजात (तो आवाज माझ्या गळ्यात इतकी वर्षे वस्तीला आहे, हे मला ठाऊक नव्हते) त्याला बाहेर उभे राहण्याचे फर्मान सोडले. वर्ग चिडीचूप झाला. त्याने ‘ळ’च्या दोन ओळी निमूटपणे लिहून दिल्या आणि पुढचे तीन रविवार तो आला नाही. आईचा फोन आला, “काका, रविवार उजाडला की त्याच्या पोटात दुखतं.”

कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांतून छडी 1986 च्या कायद्याने गेली. आणि 1 जुलै 2024 पासून केवळ हेतुपुरस्सर अवज्ञा केली एवढ्यावरून कोणत्याही इयत्तेच्या विद्यार्थ्याला शाळेतून निलंबित करता येत नाही, जरी वरच्या इयत्तांपुरती या तरतुदीला 2029 पर्यंतचीच मुदत घातलेली आहे. आमचा रविवारचा वर्ग या कायद्याच्या अंमलाबाहेरचा, त्यामुळे मला जाब विचारणारे कोणी नव्हते, आणि म्हणूनच प्रश्न कायद्याचा न राहता धर्माचा झाला.

धर्मग्रंथांत शोधू जावे, तर तेथेही एकवाक्यता नाही. गौतमधर्मसूत्र शिष्याला न मारता वळण लावावे असे सांगते, ते न जमल्यास बारीक दोरी किंवा वेळूची काडी चालू देते, आणि त्याहून अधिक कशाने मारणारा गुरू राजदंडास पात्र ठरविते. मनुस्मृती एका अध्यायात अहिंसेने व मधुर वाणीने शिकवावयास सांगते आणि दुसऱ्यात पाठीवर मारण्याची मुभा देते. मला मात्र उत्तर सापडले ते गीतेच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी, जो आपण पुढच्या तत्त्वज्ञानाच्या ओढीने घाईने ओलांडतो. श्रीकृष्ण प्रथम अर्जुनाला चक्क टाकून बोलतात, आणि त्या बोलण्याने अर्जुन जागचा हलत नाही. तो आपली व्यथा सांगतो, मी तुमचा शिष्य आहे, मला शिकवा, असे म्हणतो, आणि त्यापाठोपाठ, मी लढणार नाही, असे सांगून गप्प बसतो. शिष्यत्व आणि नकार ही एकाच मुखातून, जवळजवळ एकाच श्वासात बाहेर पडतात. आणि तेव्हा कोठे भगवंत, जणू हसत, बोलू लागतात. पुढचे अठराव्या अध्यायापर्यंतचे सारे अध्यापन त्या नकारानंतरचे आहे, आणि त्याच्या शेवटीही ते, विचार करून तुला वाटेल तसे कर, असेच म्हणतात. ज्ञानदेवांनी या उपदेशाच्या आरंभीच्या बोलण्यात कठोरपणा ऐकला आणि त्यात आईच्या रागाआडची माया पाहिली. परंतु त्या उपमेच्या पदराखाली किती शिक्षकांनी आपला निव्वळ संताप दडविला असेल, याची गणती माझ्यापासूनच सुरू करावी लागेल.

‘शिस्त’ हा आपला शब्द फारसीतून आलेला, आणि जुन्या मराठीत त्याचा अर्थ नेम. बंदुकीची शिस्त धरणाऱ्याला लक्ष्यावर ओरडून भागत नाही, आपला श्वास रोखून आपला हात स्थिर करावा लागतो. अर्थात मूल हे लक्ष्य नव्हे, आणि येथे उपमा सोडून दिलेली बरी.

चौथ्या रविवारी तो आला आणि थेट टेबलाखाली गेला. “लिहिणार नाही,” त्याने बजावले. मी “बरं” म्हटले, टेबलाशेजारी जमिनीवर बसलो आणि इतरांची पाने तपासू लागलो. तास संपत आला तेव्हा खालून प्रश्न आला, “काका, ‘ळ’ला दोन पोटं का असतात?”

मला उत्तर ठाऊक नव्हते, आणि मी तसे सांगितले.