पूर्वज्ञानाचा रकाना

अध्यापक विद्यालयात शिकणाऱ्या प्रत्येक छात्राध्यापकाकडे एक वही असते. जाड पुठ्ठ्याची, खाकी कव्हर घातलेली. पाठ टाचण वही. उद्या शाळेत जो सराव पाठ घ्यायचा तो आज या वहीत उतरवायचा, मार्गदर्शकांकडून तपासून घ्यायचा आणि त्यांची लाल शाईतली सही पडली की मगच वर्गावर जायचं. वर दिनांक, इयत्ता, विषय, घटक, उपघटक, उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, आणि त्यांच्या खाली एक अरुंद रकाना, ‘पूर्वज्ञान’. डी.एड.चं डी.एल.एड. झालं, उद्दिष्टांच्या शेजारी अध्ययन निष्पत्ती येऊन बसल्या, पण हा रकाना या ना त्या नावानं टिकून आहे.

बारा-तेरा वर्षं मी या वह्या तपासल्या. त्या रकान्यात बहुतेक वेळा एकाच साच्याचं वाक्य असायचं. ‘विद्यार्थ्यांना बेरीज माहीत आहे.’ ‘विद्यार्थ्यांना पाऊस माहीत आहे.’ ‘विद्यार्थ्यांना शिवाजी महाराज माहीत आहेत.’ अर्धी ओळ, पूर्णविराम, की लगेच प्रस्तावनेचे प्रश्न. मीही त्यावर बरोबरची खूण करून पान उलटत असे. माझं लक्ष फलकलेखनाच्या आखणीवर आणि ऱ्हस्व-दीर्घावर. आता मागे वळून पाहताना वाटतं, दोन वर्षांच्या त्या अभ्यासक्रमाचं सगळं सार त्या रकान्यात होतं आणि आम्ही गुरू-शिष्य दोघंही ते ओलांडून पुढे जात होतो. आज फक्त त्या एका रकान्याबद्दल बोलायचं आहे.

तिसरीचा वर्ग. छात्राध्यापिका एकोणीस वर्षांची, साडीला पिना लावलेल्या, हातातला खडू घामानं ओला. फळ्यावर उदाहरण, ५२ वजा २८. ‘दोनातून आठ जातात का? नाही जात. मग काय करायचं? शेजारच्या पाचाकडून एक उसना घ्यायचा.’ पाचावर काट मारून चार लिहिले, दोनाचे बारा केले. बारातून आठ गेले चार, चारातून दोन गेले दोन, उत्तर चोवीस. सगळं बिनचूक. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘बाई, मग परत कधी द्यायचा?’

वर्ग हसला. बाई गोंधळल्या, म्हणाल्या, ‘परत द्यायचा नसतो, बस खाली.’ मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन मी बसलो होतो. मी लिहिलं, ‘वर्गनियंत्रण सुधारावे.’

आता त्या मुलाकडून विचार करून पाहा. त्याच्या घरी वाटीभर साखर उसनी आणली जाते, शेजारची काकू पीठ उसनं नेते, आणि ते परत आलं नाही तर आई काय बोलते हेही त्याला ठाऊक आहे. उसनं म्हणजे परत करायचं, हे त्याचं पक्कं पूर्वज्ञान. बाईंनी त्याच्याच ओळखीचा शब्द घेतला आणि त्या शब्दाचा कायदा मोडला. शिवाय एक घेतला तर दोनाचे तीन व्हायला हवेत, ते बारा कसे झाले, ही शंका तर त्यानं विचारलीच नाही. ती बहुधा पोटात राहिली.

आणि गंमत अशी की त्याचे आजोबा कदाचित परत देतही असतील. जुन्या पिढीतले कितीतरी लोक आजही अशी वजाबाकी करतात, ‘बारातून आठ गेले चार, हातचा एक, दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन.’ वरच्या अंकाला दहा दिले, म्हणून खालच्या दशकात एक वाढवला. दोन्ही बाजूंना सारखंच वाढवलं की फरक तोच राहतो. उसन्याची परतफेड होते ती अशी! शाळेतल्या पद्धतीत मात्र उसनवारी नाहीच, तिथे एक दशक सुटा होतो. किराणा दुकानात दहाची नोट मोडून दहा सुटे रुपये घेणाऱ्या पोराला हे एका वाक्यात कळलं असतं. त्याच्याजवळ दोन पूर्वज्ञानं होती, एक उसन्याचं आणि एक सुट्ट्यांचं. बाईंनी नेमकं नको ते उघडलं, कारण वहीत लिहिलं होतं, ‘विद्यार्थ्यांना बिनहातच्याची वजाबाकी येते.’ ते खोटं नव्हतं, पण त्यातून काहीच कळत नव्हतं.

हा रकाना मुळात आला कुठून? जर्मन तत्त्ववेत्ता योहान फ्रिडरिख हर्बार्ट (१७७६–१८४१) असं मानत होता की नवी कल्पना मनात मोकळ्या जागी येऊन बसत नाही, ती आधीच्या कल्पनांना चिकटते. त्याच्या अनुयायांनी यातून पाठाच्या पायऱ्या बांधल्या, आणि आपल्याकडे त्या ‘हर्बार्टची पंचपदी’ म्हणून रुजल्या. मूळ विचार नाजूक होता. पायऱ्या तेवढ्या पाठ झाल्या.

इथे कुणी शंका घेईल. तिसरीची वजाबाकी ती काय, बारावी झालेल्या कुणालाही येते. तिच्यासाठी दोन वर्षांचं प्रशिक्षण, वर परीक्षा, एवढं कशाला? शंका रास्त आहे आणि तिचं उत्तरही तिच्यातच आहे. बारावी झालेल्याला वजाबाकी इतकी येते की ती त्याला दिसेनाशी झालेली असते. चालताना पाय कसा उचलतो हे आपण सांगू शकत नाही, तसं. जे शिकवायचं ते आपल्याला एके काळी येत नव्हतं, आणि येत नव्हतं तेव्हा ते कसं दिसायचं, हे आठवणं म्हणजे प्राथमिक शिक्षकाचं अर्धं शिक्षण. म्हणून पूर्वज्ञानाचा रकाना दोन तोंडांचा आहे. एका तोंडानं मुलाला काय माहीत आहे ते विचारायचं, दुसऱ्यानं स्वतःला काय विसरायला झालंय ते.

मराठी अंकांचंच घ्या. बावन्न म्हणताना दोन आधी ऐकू येतात, पन्नास मागून. लिहिताना पाच आधी, दोन मागून. पहिली-दुसरीतलं मूल ऐकतं तसं लिहितं आणि पाटीवर २५ उमटतात. त्याचा कान शाबूत आहे, म्हणूनच ते चुकतं. एकोणसाठ म्हणताना साठ ऐकू येतात, लिहायचे मात्र पन्नासाच्या घरात. सत्तावन्न, सदुसष्ट, सत्याहत्तर. आतला सात तोच, आणि दर वेळी वेष बदलून येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात या नावांच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन दिलं, तेव्हा विधिमंडळापासून कट्ट्यापर्यंत केवढी थट्टा झाली! गणित अभ्यासगटाच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना सोपं जावं म्हणून दुसरी वाट दिली आहे. त्या पद्धतीविषयी मतभेद असू शकतात, मला स्वतःला जुनी नावं फार प्रिय आहेत. पण थट्टा करणाऱ्यांत एक गोष्ट समान होती. त्यांच्यापैकी कुणालाच स्वतःच्या पाटीवरचे २५ आठवत नव्हते.

हे शिकवण्याचं ज्ञान विषयाच्या ज्ञानाहून निराळं आहे, असं १९८६ मध्ये ली शुल्मन या अमेरिकी अभ्यासकानं मांडलं आणि त्याला स्वतंत्र नाव दिलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयालाही वेगळ्या वाटेनं याच ठिकाणी यावं लागलं. २०१८ च्या एका अधिसूचनेनं बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीची दारं उघडली होती. बी.एड. पदवीनंतरचं, म्हणजे शिकलेला माणूस अधिक, मग अडचण काय? ११ ऑगस्ट २०२३ रोजी देवेश शर्मा प्रकरणात न्यायालयानं ती वाट बंद केली. बी.एड. माध्यमिक वर्गांसाठी तयार करतं, लहान मुलांना शिकवण्याचं कौशल्य वेगळं आहे, असा निकालाचा आशय. पुष्कळ बी.एड.धारकांचे त्यात हाल झाले, हे खरंच. पण पहिलीचा वर्ग हा दहावीच्या वर्गाची धाकटी, सोपी आवृत्ती नव्हे, हे इतक्या वरून कुणीतरी म्हटलं, याचं मला बरं वाटलं.

मग प्रशिक्षणात हे शिकवलं जातं का? थोडंफार. सूक्ष्म पाठ असतात, पाच-सहा मिनिटांचे, एकेका कौशल्याचे. प्रश्न कौशल्य, फलकलेखन कौशल्य, उद्दीपक बदल. समोर विद्यार्थी म्हणून बसतात ते सोबतचेच छात्राध्यापक. तिसरीची मुलं व्हायचं म्हणून ते हाताची घडी घालतात, बोट वर करतात, ‘बाई मी सांगू, बाई मी सांगू’ म्हणतात. आणि उत्तर देतात ते बरोबर! इतक्या वर्षांत सूक्ष्म पाठात बसलेल्या एकानंही मुलासारखी चूक केलेली मला आठवत नाही. करणार कशी, मूल कसं चुकतं हेच कुणाला ठाऊक नसतं. ज्या दिवशी एखादा छात्राध्यापक सहज म्हणेल की ‘बाई, बावन्न म्हणजे पंचवीस’, त्या दिवशी त्याला प्रमाणपत्र द्यायला हरकत नाही.

परीक्षांचा मार्ग आता लांब झाला आहे. बारावी, डी.एल.एड.ची दोन वर्षं, मग टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टेट ही अभियोग्यता चाचणी, मग भरतीचं पवित्र पोर्टल, आणि नेमणूक झाली तरी आधी तीन वर्षं शिक्षणसेवक. टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत हे घरच्यांना समजावण्यात उमेदवाराचं निम्मं वर्ष जातं. टीईटीच्या पहिल्या पेपरात दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं, त्यात बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला तीस गुण. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या नोकरीतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांच्या आत ती उत्तीर्ण होणं भाग पडलं. चाळणी हवीच, नको असं कोण म्हणेल? पण चार पर्यायांतला बरोबर पर्याय ओळखणं आणि मुलाच्या चुकीच्या उत्तरामागचं बरोबर कारण ओळखणं ही कामं एकमेकांपासून फार लांब आहेत. पहिल्या कामाची परीक्षा घेता येते म्हणून ती घेतली जाते.

रकाना खरा भरायचा तर काय करावं लागतं, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखवून ठेवलं आहे. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यावरची मुलं शाळेत येत नव्हती, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मोठी मुलं गुरं घेऊन रानात जात, तर कुरणावर शाळा भरवली. बिया, शिंपले, पानं, खडे हे त्यांचं शैक्षणिक साहित्य. गरिबीतला काटकसरी उपाय म्हणून याचं कौतुक होतं, पण मला त्यात दुसरंच दिसतं. मुलाला काय माहीत आहे हे टेबलाशी बसून लिहिता येत नाही, मूल ज्या अंगणात आणि ज्या कुरणावर आहे तिथे जावं लागतं. नंदुरबारच्या भिल्ल पाड्यावर किंवा मेळघाटातल्या कोरकू वस्तीवर पहिलीच्या पाठासाठी ‘विद्यार्थ्यांना गाय माहीत आहे’ असं लिहिणाऱ्यानं एवढं तरी पाहावं, की मुलाला गाय पुरती माहीत आहे, फक्त तिच्याविषयीचं पुस्तकातलं मराठी त्याच्या ओळखीचं नसेल. गाय कशी व्याते हेही त्याला माहीत असेल, जे शिकवणाऱ्याला माहीत नाही.

हा रकाना खरा भरलेली एकच वही मला आठवते. अपूर्णांकाचा पाठ होता. त्या छात्राध्यापिकेनं आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलांशेजारी डबा खाल्ला होता आणि त्यावरून तिचं पूर्वज्ञान रकान्यात न मावून मागच्या पानावर गेलं होतं. मला आठवतं त्याप्रमाणे तिनं लिहिलं होतं की मुलांना ‘चतकोर’ माहीत आहे, ‘पाव’ माहीत नाही. भाकरीचे चार तुकडे चतकोर होतात हे सांगतात, पण चारही सारखे असतात असं त्यांना वाटत नाही, कारण आई मोठा तुकडा धाकट्याला देते. दोन मुली ‘मोठा अर्धा’ असं म्हणतात. म्हणून उद्या आधी सारखे आणि असमान चतकोर शेजारी ठेवून भांडण लावणार.

तिनं खरोखर भांडण लावलं. कागदाच्या भाकऱ्या, आणि त्यावर चौथीतली पोरं हमरीतुमरीवर. ‘सारखे असले तरच पाव’ हे तिनं सांगितलं नाही, त्या गोंगाटातून मुलांनीच ते ओरडून सांगितलं. तासिका संपली तेव्हा फळा जवळजवळ कोरा होता. फलकलेखनाचे गुण मी कापले. वहीत पूर्वज्ञानाच्या पानावर लाल शाईनं शेरा मारला, ‘रकान्याबाहेर लिहू नये.’

आज ती वही माझ्यापुढे असती तर तो शेरा मी खोडला असता. ते आता होणं नाही, म्हणून वाचकांकडे एक मागणं. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी डी.एल.एड. करत असेल तर त्याची टाचण वही एकदा मागून घ्या. उद्दिष्टं वाचू नका, साहित्य वाचू नका, सरळ त्या अरुंद रकान्यावर या. तिथे अर्धी ओळच दिसली तर गल्लीतलं तिसरी-चौथीतलं एखादं पोर बोलावून आणा, त्याला त्या वहीवाल्याच्या शेजारी बसवा, आणि दोघांना भाकरी वाढा.